मान नदीकाठचा तालुका

पायाला गार चिखल लागला की समजा, पोहोचलात. साल 1560. डोंगरांच्या बेचक्यात मान नदी वाहते आहे आणि काठावर विटांवर विटा चढताहेत. ब्रह्मदेशाचा राजा बायिन्नाँग अयुथया (आजचं थायलंड) आणि लान सांग (आजचा लाओस) या दोन्ही राज्यांच्या मुळावर उठला आहे. म्हणून अयुथयाचा महाचक्रफट आणि लान सांगचा सेट्ठाथिराट या दोन राजांनी एकमेकांशी सख्याची आण घेतली आहे, आणि तिची खूण म्हणून हा स्तूप उभा राहतो आहे. 1563 मध्ये तो पुरा होईल. नाव फ्रा थात सी सोंग रक. कान देऊन ऐका: 'थात' म्हणजे आपला धातू, 'सी' म्हणजे श्री. सोंग म्हणजे दोन, रक म्हणजे प्रेम. दोघांच्या प्रेमाचा स्तूप! सीमेवर माणसं सहसा तटबंदी बांधतात, म्हणून मला हे नाव फार मोलाचं वाटतं.

आता डोळे मिटा आणि उघडा. 1907. काठ तोच, गाव दान साय. तीन वर्षांपूर्वी, 1904 मध्ये, हा मुलूख फ्रेंचांकडे गेला होता. यंदा 23 मार्चच्या तहात सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, बट्टंबांग, सियाम रीप आणि सिसोफोन सोडून दिले आणि बदल्यात त्राट नि दान साय परत घेतले. घराघरांतून चिकट भाताची वाफ निघते आहे. ज्या टोपलीत तो शिजतो, ती निमुळती बांबूची 'हुअत', एका ओसरीवर वाळत पडली आहे. देश बदलला, पण चूल आहे तिथेच आहे.

सयामचं राज्य इथवर पोहोचतं ते राजपुत्र दामरोंगने घातलेल्या घडीतून. 1892 पासून गृहखातं त्याच्या हाती आहे. खाली मूबान, म्हणजे गाव. काही गावं मिळून तांबोन. तांबोन मिळून अंफा, म्हणजे आपला तालुका. गावाचा प्रमुख 'फू याय बान', शब्दशः गावातला मोठा माणूस. आपल्याकडच्या वतनी पाटलासारखा तो जन्माने ठरत नाही, त्याला गावकरी निवडतात. 1892 च्या ऑगस्टमध्ये बांग पा-इन इथे या निवडीचा पहिला प्रयोग झाला. तांबोनचा प्रमुख तो कामनान. अंफ्याचा अधिकारी मात्र वरून नेमलेला येतो. पुढे 1914 चा कायदा ही घडी पक्की करेल, आणि दुरुस्त्या होत होत तो आजही चालतो आहे.

आता आजच्या दान सायमध्ये या. अंगात लाल काही असेल तर काढून ठेवा. लाल म्हणजे रक्त, आणि स्तूपाच्या आवारात ते चालत नाही. गावात मोठा उत्सव आहे, बुन लुआंग. त्याची तारीख अंफा कचेरी ठरवत नाही. ती ठरवतो चाओ फो क्वान: पांढरी वस्त्रं, लांब केसांचा अंबाडा, डोक्याला पांढरं फडकं. त्याच्या अंगात देवता येते आणि दिवस सांगते. त्याच दिवशी हुअत तोंड वर ठेवून डोक्यावर बसवतात, नारळाच्या झावळीच्या बुंध्याचा चेहरा जोडतात, आणि कमरेच्या घंटा वाजवत 'फी ता खोन', म्हणजे मुखवट्यांची भुतं, रस्त्यावर उतरतात. कचेरीची माणसंही गर्दीत असतात, पण पुढे चालतो तो क्वान.

उत्सवाची पहाट व्हायची आहे. नदीकाठी मशालीच्या उजेडात माणूस पाण्यात उतरतो, बुडी मारतो, दगड वर काढतो. हा फ्रा उप्पाकुत का, असं तो विचारतो. काठावरून 'नाही' येतं. पुन्हा बुडी. अखेर एका पांढऱ्या दगडाला होकार मिळतो, आणि अशोकाच्या कथांतला भिक्षू उपगुप्त, पाण्याने निथळत, तुमच्या समोरून गावाकडे निघतो.