टेबलाखालची रेल्वे

विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी पाहताना आपली नजर इंजिन, डबे, बोगदा आणि चिमुकले स्टेशन यांवर खिळते. टेबलाखाली वाकून पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. तिथे तारांचे जंजाळ असते. या लेखात आम्ही त्या जंजाळाची गोष्ट सांगणार आहोत. संगणकाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा त्या तारांतून निघाला आहे आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोचतो.

आधी अडचण काय होती ते पाहू. अशा गाडीच्या इंजिनात सुमारे १२ व्होल्टवर चालणारी एकदिश प्रवाहाची छोटी मोटर असते. एक रूळ धन आणि दुसरा ऋण. चाकांमार्फत वीज मोटरला मिळते. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. इथपर्यंत सारे सोपे आहे. पण त्याच रुळांवर दुसरे इंजिन ठेवा. आता दोन्ही इंजिने एकदमच सुटतात आणि एकदमच थांबतात, कारण वीज रुळाला दिलेली आहे, इंजिनाला नाही.

यावर उपाय म्हणजे रूळ मध्ये मध्ये तोडून त्याचे विद्युतदृष्ट्या वेगळे खंड पाडायचे आणि प्रत्येक खंड हव्या त्या चालकाच्या नियंत्रकाला जोडायचा. चालक ५ आणि खंड २० असतील, तर १०० जोडण्यांची सोय करावी लागते. गाडी पुढच्या खंडात शिरण्याआधी तो खंड तिच्या चालकाकडे यायला हवा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाकडेही नसावा. शिवाय रुळाने वळसा घेऊन परत स्वतःलाच मिळायचे ठरवले, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते! वळशाचा भाग दोन्ही टोकांना तोडून, गाडी त्यात असताना मुख्य मार्गाची धन-ऋण बाजू बदलावी लागते. वर्गात कागदावर वळसा काढून दोन रूळ दोन रंगांनी रंगवायला सांगा. ही अडचण विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' स्थापन केला. त्यांची खोली '२० क्रमांकाच्या इमारती'त होती. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली घाईने उभारलेली ही लाकडी इमारत युद्धानंतर पाडायची होती. प्रत्यक्षात ती १९९८ पर्यंत टिकली. क्लबात दोन तऱ्हेची मुले होती. काहींना डोंगर, झाडे, हुबेहूब डबे बनवण्यात रस होता. काहींचा जीव टेबलाखाली रमत असे. या दुसऱ्या गटाची 'सिग्नल आणि वीजपुरवठा उपसमिती' होती.

या उपसमितीने वरची अडचण टेलिफोन एक्स्चेंजच्या सामानाने सोडवली. टेलिफोन कंपनीकडून महाविद्यालयांना भेट म्हणून मिळणारे रिले आणि पायरी-स्विच त्यांनी वापरले. टेलिफोनची तबकडी फिरवून हव्या त्या खंडाचा क्रमांक लावायचा, की तो खंड आपल्या ताब्यात येई. एक्स्चेंजही हेच करते. अनेकांपैकी कोणालाही अनेकांपैकी कोणाशीही जोडून देते.

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा खटका. एका परिपथातला लहानसा प्रवाह दुसऱ्या परिपथाचा खटका उघडतो किंवा मिटतो. दोन खटके एकसरीत जोडले तर 'हे आणि तेही', समांतर जोडले तर 'हे किंवा ते'. प्रवाह आल्यावर उघडणारा खटका वापरला तर 'नाही'. एमआयटीतच क्लॉड शॅनन याने १९३७ साली आपल्या प्रबंधात रिलेच्या परिपथांना बूलचे बीजगणित लागू पडते हे दाखवले होते. 'खंड रिकामा आहे आणि सांधा सरळ आहे, तरच सिग्नल हिरवा' हे वाक्य तारांनी लिहिता येते. टेबलाखाली पालथी पडून तारा जोडणारी मुले, संगणक पाहण्याआधीच, तर्काची यंत्रे बांधत होती.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीत आयबीएम ७०४ हा मोठा संगणक होता. त्याला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नसे. छिद्रे पाडलेली कार्डे खिडकीवर द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. १९५८ साली टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरचा संगणक लिंकन प्रयोगशाळेतून एमआयटीत आला. क्लबचे जुने सभासद जॅक डेनिस तेव्हा तिथे शिकवत होते. त्यांनी क्लबातल्या मुलांना या यंत्राशी गाठ घालून दिली. इथे स्वतः यंत्रासमोर बसता येत असे. चूक झाली तर ती तिथेच दिसे आणि तिथेच सुधारता येई. मुले रात्री-अपरात्री येऊन बसू लागली. पीटर सॅमसन आणि अॅलन कोटॉक त्यांच्यातलेच.

१९६१ साली पीडीपी-१ हा संगणक संस्थेला मिळाला आणि १९६२ मध्ये त्यावर स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. संगणकावरच्या सुरुवातीच्या खेळांपैकी तो एक. यंत्राचे खटके दाबून खेळताना हात दुखत. तेव्हा कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी क्लबच्या खोलीतले लाकूड, बेकेलाइट, तारा व स्विच वापरून खेळाडूंसाठी नियंत्रण-पेट्या बनवल्या. पुढे कोटॉक हे पीडीपी-१० या प्रसिद्ध संगणकाच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक झाले. 'हॅक' हा शब्दही तांत्रिक करामतीच्या अर्थाने याच क्लबात रुळला. सॅमसनने १९५९ साली केलेल्या क्लबच्या शब्दकोशात तो आहे. चोरीचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.

टेबलाखालचे जंजाळ आता पुष्कळ कमी झाले आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने अंकीय नियंत्रणाचे मानक स्वीकारले. त्यात रुळांना वीज सतत असते आणि तिची धन-ऋण बाजू झपाट्याने बदलत राहते. ५८ मायक्रोसेकंदांनी बदलली तर '१', १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी बदलली तर '०'. प्रत्येक इंजिनातली चिप आपला क्रमांक ओळखून तेवढाच हुकूम पाळते. वीज अजूनही रुळालाच दिलेली आहे, पण निरोप इंजिनाला जातो.

हा इतिहास सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. हे सगळे श्रीमंत संस्थेत घडले, हे खरे. पण त्या मुलांना मिळालेली मोलाची गोष्ट सामान नव्हती, ते तर बरेचसे टेलिफोन कंपनीचे होते. त्यांना हात लावू देण्यात आला, ही ती गोष्ट. ती कोणाला मिळाली हेही पाहायला हवे. यंत्राभोवती जमलेली जवळजवळ सगळी मुलेच होती, मुली नव्हत्या.

आम्ही शिकलो त्या शाळेत विद्युतघंटा आणि रिओस्टॅट काचेच्या कपाटात असत. परीक्षक यायचे तेव्हा कुलूप उघडे. आजही अशी कपाटे कमी नाहीत. दोन घट, खेळण्यातली एक मोटर आणि सहा टोकांचा दुहेरी स्विच एवढ्या सामानात, टोके तिरपी जोडून, मोटर उलटसुलट फिरवता येते. आगगाडीच्या नियंत्रणाचा तो पहिला धडा आहे. प्रत्येक गटाला, मुलांना आणि मुलींना, ती जोडणी स्वतः शोधू द्यावी. एखादी तार तापेल, एखादा घट वाया जाईल. तेवढा खर्च शाळेने सोसावा, असे आम्हाला वाटते.