लेकराचा राग आणि पालकांची शाळा

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरात एखादं लेकरू दिवसातून चार-चार वेळा आकांडतांडव करू लागलं की आजी आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. मग कुणी म्हणतं, पोट्टं लाडावलं, दोन ठेवून द्या. शाळेच्या तक्रारी सुरूच राहतात, आणि बऱ्याच उशिरा एखादा डॉक्टर एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलतेचा विकार, हे नाव सांगतो. त्या नावामागोमाग सल्ला येतो: प्रशिक्षण आधी तुम्ही घ्या. आईच्या काळजाला तो आरोपासारखा लागतो. पण या सल्ल्याचा जन्म आईला दोष देण्यातून झालेला नाही. तो कुठून आला हे पाहिलं की ते स्पष्ट होतं.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये काही मुलांचं वर्णन केलं. बुद्धीने चांगली, चांगल्या घरात वाढलेली, तरी स्वतःला आवरू न शकणारी ही मुलं क्षणात भडकत. स्टिल यांनी संगोपनाला जबाबदार धरलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण दोष ‘नैतिक नियंत्रणा’चा आहे असं म्हटल्याने लेकराच्या चारित्र्यावर डाग राहिला. पुढे अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात 1968 साली अतिचंचलता पुढे आली, 1980 साली अवधान. राग मात्र मागे पडला. आजही निदानाच्या 18 लक्षणांत तो नाही. आई दवाखान्यात सगळ्यात आधी रागाचंच गाऱ्हाणं सांगते, आणि यादीत नेमकी त्यालाच जागा नसते. भावना न आवरणं हा या विकाराचा गाभाच आहे, असं रसेल बार्कली यांच्यासारखे संशोधक वर्षानुवर्षं मांडत आले आहेत.

रागाकडे नीट पाहणारी माणसं निघाली ती वेगळ्याच वाटेने, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. 1960 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी थेट कुटुंबांच्या घरी जाऊन बसू लागले. कोण काय म्हणालं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, याची ते ओळीने नोंद करत. त्यातून एक साखळी दिसली. आई म्हणते, दप्तर उचल. लेकरू किंचाळतं. आई आवाज चढवते, लेकरू वस्तू फेकतं. थकून आई म्हणते, राहू दे. किंचाळणं थांबतं. किंचाळल्याने काम टळतं हे लेकराला कळलं, आणि माघार घेतली की शांतता मिळते हे आईला. दोघंही एकमेकांना शिकवत होती, दोघांनाही नकळत. 1982 च्या आपल्या ग्रंथात पॅटरसन यांनी हे सविस्तर मांडलं. एडीएचडी असलेलं मूल चटकन पेटतं आणि सावकाश विझतं, म्हणून त्याच्या घरी ही साखळी दिवसातून कितीतरी वेळा फिरते.

त्याच राज्यात, पोर्टलंडमध्ये, मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी उपायाचा सांगाडा बांधला. आई मुलाशी खेळायची, हॅन्फ एकतर्फी काचेआडून पाहायच्या आणि आईच्या कानातल्या यंत्रातून सूचना द्यायच्या. पहिल्या टप्प्यात हुकूम नाही, प्रश्न नाहीत. लेकरू खेळेल त्यात सामील व्हायचं आणि त्याचं चांगलं वागणं बोलून दाखवायचं. दुसऱ्या टप्प्यात एका वेळी एकच स्पष्ट सूचना आणि आधी ठरलेला परिणाम. शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड यांच्या पद्धती या सांगाड्यावरच उभ्या राहिल्या; बार्कली यांचं 1987 चं प्रशिक्षण-पुस्तकही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 साली चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी औषधाआधी पालक-प्रशिक्षण सुचवलं. मोठ्या मुलांत चंचलतेवर आणि अवधानावर औषधाचा परिणाम जास्त ठळक असतो, ते नाकारू नये.

पहिला टप्पा टाळून थेट शिस्तीवर उडी मारली की ही पद्धत कोसळते. आणखी एक गोष्ट पालकांना आधीच सांगायला हवी: आकांडतांडवाला दाद देणं थांबवलं की सुरुवातीला ते वाढतं. हे माहीत नसलेली आई नेमकी तिथेच हार मानते, आणि लेकरू शिकतं की अजून जोरात ओरडायला हवं.

आपल्याकडे मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने 1937 सालीच बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. विदर्भात नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातून आर्थर मालिन यांनी बुद्धिचाचणीचं भारतीय रूप दिलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली महाराष्ट्रातच, पालघरला, सुरू झाला; त्यात तपासायच्या विकारांच्या यादीत एडीएचडी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मात्र तो नाही. म्हणजे लेकराची नोंद होऊ शकते, पण केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

असं प्रशिक्षण म्हणजे दोन-तीन महिने, दर आठवड्याला एक बैठक. मेहकरहून चिखलीमार्गे बुलढाण्याला जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय आजवर जी बैठकीला बोलावली गेली ती बहुतेक आईच. इथल्या घरात ‘राहू दे माय, रडू नको’ म्हणत लेकराला बिस्किटाचा पुडा देणारी आजी असते, आणि संध्याकाळी येऊन एका फटक्यात सगळं मिटवणारा बाप. साखळीत तेही आहेत. या बैठका मेहकरातच, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा अंगणवाडीत, कामं आटोपल्यावर संध्याकाळी व्हायला हव्यात, आणि आमंत्रण आजीच्या अन् बापाच्याही नावाने जायला हवं.