फ्लूचे भाऊबंद आणि गणित

साथींच्या गणिताचा इतिहास वाचायला घेतला की वाट मुंबईवरूनच जाते, याची मला नेहमी गंमत वाटते. 1927 साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी एडिंबरात एक निबंध लिहिला. मॅकेंड्रिकने भारतात वैद्यकीय सेवेत वर्षे काढली होती. कर्मॅकला प्रयोगशाळेतल्या स्फोटात अंधत्व आले होते. त्यांनी समाजाचे तीन गट केले: रोग होऊ शकणारे, झालेले, आणि बरे होऊन वा मरून साथीबाहेर पडलेले. या मांडणीतून निघालेली वक्ररेषा त्यांनी मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगमधील आठवडावार मृत्यूंशी ताडून पाहिली. ती बऱ्यापैकी जुळली. सगळ्यांना रोग होण्याआधीच साथ ओसरते, हेही त्या गणितातून दिसले.

पण फ्लू या तीन खणांत मावत नाही. गोवर एकदा झाला की सहसा जन्माचा सुटतो. फ्लू मात्र रूप पालटून परत येतो, आणि नवे रूप बहुधा जुन्याचेच भाऊबंद असते. आधीच्या आजाराने मिळालेले संरक्षण सख्ख्या भावाला अडवते, चुलतभावाला अर्धेमुर्धे, परक्याला जवळजवळ नाहीच. म्हणजे कुणाला पूर्वी कुठला फ्लू झाला होता, हे गणितात धरायला हवे. विषाणूचे दोन वाण (स्ट्रेन) असतील तर पूर्वेतिहास चार प्रकारचे. दहा असतील तर 1024. वीस असतील तर दहा लाखांवर! 2002 साली जुलिया गॉग आणि ब्रायन ग्रेनफेल यांनी यावर तोड काढली. जुना इतिहास सोडायचा, माणूस आज कुठल्या वाणापासून सुरक्षित आहे एवढेच मोजायचे. मग समीकरणे वाणांच्या संख्येइतपतच वाढतात.

हा कागदावरचा खेळ नव्हे. 1977 साली एच1एन1 वीस वर्षांनी परतला, तेव्हा तो मुख्यतः पंचविशीच्या आतल्यांना लागला. थोरांच्या अंगात त्याच्या भाऊबंदांची ओळख शिल्लक होती. 2009 च्या साथीतही बऱ्याच वृद्धांकडे अशी जुनी शिदोरी होती. भारतातला त्या साथीचा पहिला बळी ठरली पुण्यातली एक शाळकरी मुलगी.

लशीत कुठले वाण घालायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, सुचवते. लस तयार व्हायला महिने लागतात, तोवर विषाणू पुढे सरकलेला असू शकतो. पंचांगकर्त्याला ग्रहांची तरी खात्री असते; इथे ग्रहच वाट बदलतो. तरी हा ताळा दरवर्षी नव्याने मांडावाच लागतो, कारण तो चुकला तर माणसे दगावतात.