घारापुरीची पाण्यातली वाट

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे. तीत पाककृती व व्रतवैकल्यांची माहिती दरवेळी असतेच, यंदा थोडा इतिहासही असावा असे सर्वांचे मत पडले आणि ते काम माझ्या गळ्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वानांसारखे लिहिणे मला जमावयाचे नाही. पण मंडळाची सहल घारापुरीला गेली होती, त्यानंतर त्या बेटाविषयी मिळेल ते वाचीत गेले. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते सहलीला न आलेल्या भगिनींसाठी येथे लिहिते.

घारापुरी म्हणजेच एलिफंटा. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँच निघते आणि तासाभरात बेटाला लागते. अंतर साधारण १० किलोमीटर. आपण बाजाराला बारामतीला जातो, जवळपास तेवढेच. बेट मुंबईच्या समोर असले तरी ते मुंबईचे नव्हे. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात ते मोडते. दोन टेकड्या, मधे खोलगट भाग, सभोवार समुद्र. ताड, आंबा, चिंच यांची दाट झाडी आणि किनाऱ्याला खारफुटी. हवा दमट. धक्क्यावर उतरल्याबरोबर पदराने घाम पुसावा लागतो.

या बेटाला जमिनीवरून वाट नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, म्हणजे त्याचा सारा इतिहास उलगडतो. तेथे जे आले ते पाण्यातून आले आणि तेथून जे गेले तेही पाण्यातूनच गेले. माझा हिशेब असा, की गेलेले फार आणि आलेले थोडे.

येथील मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानतात. पश्चिमेच्या टेकडीवर पाच शैव लेणी आहेत आणि पूर्वेच्या टेकडीवर दोन बौद्ध लेणी व विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर पुष्कळ सापडली, म्हणून हे काम त्या घराण्याच्या काळचे असावे असे अभ्यासक म्हणतात. इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने पुरी नावाच्या नगरीवर शेकडो नौका घालून ती घेतली, असे वर्णन आहे. पश्चिम समुद्राची लक्ष्मीच असे त्या नगरीचे कौतुक केले आहे. ती पुरी म्हणजे घारापुरी असे काही म्हणतात, तर काही जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवितात. ते कसेही असो, आज आपण ज्या समुद्राकडे सहलीचे पाणी म्हणून पाहतो, तो त्या काळी व्यापाराचा आणि लढायांचा हमरस्ता होता.

लेणे नक्की कोणी कोरविले, हे ठामपणे का सांगता येत नाही? याचे कारण वाचून मला फार हळहळ वाटली. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई व आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली, त्यांत घारापुरीही गेली. त्या वेळी लेण्याच्या दाराशी अक्षरे कोरलेली एक शिळा होती. ती पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे जहाजाने पाठविली. तेथे ती कोणाला वाचता आली नाही आणि पुढे ती हरवली, असे त्यांच्याच दियोगो दो कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. घराचा सात-बारा कोणीतरी उचलून परमुलखात नेला, त्याला तो वाचताही येईना आणि शेवटी त्याने तो हरवून टाकला, तशातली ही गत. ती शिळा जागेवर असती तर राजाचे नाव कळले असते, साल कळले असते, कदाचित दान देणाऱ्या एखाद्या राणीचेही नाव कळले असते.

बेटाचे नावसुद्धा बदलले. दक्षिण बाजूला राजबंदराजवळ एका अखंड दगडात कोरलेला सुमारे १३ फूट लांबीचा हत्ती उभा होता. खलाशांना तो लांबूनच दिसे, म्हणून पोर्तुगीज या बेटाला हत्तीचे बेट म्हणू लागले आणि त्यावरून एलिफंटा हे नाव जगभर झाले. गावकऱ्यांनी मात्र घारापुरी हेच नाव धरून ठेवले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर बंदुकांचे नेम धरले असे जुन्या प्रवाशांनी लिहिले आहे. सगळीच मोडतोड त्यांनी केली असे नव्हे. पाणी झिरपून दगड झिजला, खांबही कोसळले. परंतु आत शिरल्यावर मांडीपासून खाली तुटलेल्या मूर्ती एकामागून एक दिसू लागतात, तेव्हा बोलणे आपोआप थांबते.

तरीही जे उरले आहे ते पाहावयाला जन्मात एकदा जावे. समोरच्या भिंतीत खोल कोनाड्यात सुमारे १८ फूट उंचीची सदाशिवाची मूर्ती आहे. खांद्यापर्यंतचीच, पण तीन मुखांची. आपण तिला सवयीने ब्रह्मा-विष्णू-महेशाची त्रिमूर्ती म्हणतो. जाणकार सांगतात की तिन्ही मुखे शिवाचीच. मधले शांत, डोळे मिटलेले. एका बाजूचे उग्र, मिशांचे, हातात साप धरलेले. दुसऱ्या बाजूचे कोवळे, हातात कमळाची कळी, ओठ बाईमाणसाचे. हे उमेचे रूप. एकाच अंगात राग, माया आणि शांती कशी नांदते, हे आपल्याला कोणी पोथीतून सांगावयास नको. सकाळच्या चहापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत तिन्ही मुखे घरात फिरतच असतात! शेजारीच एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगा डोक्यावर झेलणारा शिव आहे.

मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला आहे, कारण लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडे असते. मान किंचित खाली. मागून एक जण तिला हळूच पुढे लोटतो आहे. तो तिचा पिता हिमवान असे सांगतात. खाली कोपऱ्यात ब्रह्मदेव भटजी होऊन होमापाशी बसला आहे. नवरानवरी दोघांचेही पाय तुटले आहेत. पण पार्वतीच्या मानेतला तो संकोच अजून जागच्या जागी आहे. चौदाशे वर्षांपूर्वी छिन्नी धरणाऱ्या माणसाने कुणाची तरी लेक सासरी जाताना नीट पाहिली होती, एवढे मात्र खास.

आता थोडे राजकारण, कारण ते थेट आपल्या दारापर्यंत येते. १६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्रज राजाला हुंड्यात दिले (हुंड्याचे वेड राजघराण्यांतही होते म्हणावयाचे), पण साष्टी, घारापुरी वगैरे बेटे आपल्याकडेच ठेवली. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ पर्यंत साष्टी-वसई मराठ्यांनी घेतली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गंगाबाई पुरंदर किल्ल्यावर १७७४ च्या एप्रिलात बाळंत झाल्या, सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्या भाऊबंदकीची संधी साधून इंग्रजांनी १७७४ अखेरीस साष्टी घेतली. १ मार्च १७७६ रोजी कर्नल अप्टनशी तह झाला तो आपल्या शेजारच्या पुरंदरावरच. सखारामबापू व नाना फडणीस आपल्या बाजूने होते. त्यानंतरही लढाई झालीच. अखेर १७ मे १७८२ च्या साळबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटे इंग्रजांकडे कायम झाली. आपण जेजुरीला जाताना पुरंदरचा डोंगर पाहतो. त्या डोंगरावरच्या कागदपत्रांत त्या चिमुकल्या बेटांचे भवितव्य घोळत होते, हे मला आधी ठाऊक नव्हते.

इंग्रजांच्या अमलात हत्तीवर संकट आले. १८१४ साली त्याचे मस्तक व मान गळून पडली होतीच. १८६४ साली त्याला विलायतेला न्यावयाचे घाटले. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले. पुढे १८७५ साली विलायतेचा युवराज मुंबईस आला, तेव्हा त्याला मेजवानी दिली ती चक्क लेण्यात. महादेवाच्या घरी मेजवानी करताना यजमानाला विचारण्याची पद्धत त्यांच्यात नसावी.

गेटवेची कमान नंतरची, ती १९२४ साली खुली झाली. त्या आधी अपोलो बंदरावरून लोक मचव्यांतून, मग वाफेच्या लाँचमधून जात. आताच्या लाँच डिझेलवर चालतात. आमच्यातल्या बहुतेकींनी समुद्र प्रथमच पाहिला. कालव्याच्या संथ पाण्याची सवय असलेल्या आम्ही, लाँच डोलू लागली तशा एकमेकींचे हात धरून बसलो. थोड्या वेळाने भीती गेली आणि कुरमुऱ्यांच्या पुड्या सुटल्या. मागे ताजमहाल हॉटेल लहान होत जाते. नौदलाची राखी जहाजे, परदेशी मालाची अवाढव्य जहाजे, मग तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप. ओहोटीला बेटाभोवती चिखल उघडा पडतो, म्हणून धक्का समुद्रात लांबवर काढला आहे. त्यावर लहान मुलांच्या खेळण्यासारखी झुकझुक गाडी धावते. पुढे सुमारे १२० पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांना खुर्चीच्या डोलीतून नेतात. गुडघ्यांनी सोमवारी लेणी बंद असल्याचे कारण सांगू नये म्हणून हेही लिहिते, की सोमवार सोडूनच जावे.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत. माळा, टोप्या, दगडी गणपती, काकड्या, कैऱ्या. विकणाऱ्या पुष्कळशा बायका बेटावरच्याच. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन वस्त्यांची ही घारापुरी. पाहुण्यांना रात्री राहण्याची परवानगी नाही, म्हणून संध्याकाळची लाँच गेली की बेट गावकऱ्यांचे होते. त्या एका दुकानदार बाईंशी मी बराच वेळ बोलले. १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. परदेशचे लोक येऊ लागले. समोर रात्रभर मुंबई दिव्यांनी पेटलेली. आणि बेटावर संध्याकाळी तीन तास डिझेलच्या जनरेटरवर दिवा, मग चिमणी नाहीतर अंधार! समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून घराघरांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटल्यावर. पाण्यातून आलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोलाची वाटली. मिक्सर घेतला, आता पाटा भिंतीला टेकून ठेवला आहे, असे त्या बाई हसत म्हणाल्या.

पुढचे शिक्षण, दवाखाना, बाळंतपण यांसाठी मात्र अजून पाणी ओलांडावेच लागते. माझी शाळा सातवीला सुटली, कारण हायस्कूल लांब होते आणि मुलीला एकटी पाठवावयाचे नव्हते. माझ्या वाटेत ओढासुद्धा नव्हता. तेथल्या मुली होडीने जातात, हे ऐकून मी गप्प बसले.

आणि ही वाट निर्धोक आहे असेही कोणी समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी नीलकमल नावाची प्रवाशांची बोट घारापुरीकडे निघाली असता नौदलाची एक वेगवान बोट तिच्यावर आदळली आणि १५ माणसे गेली. त्यांत लेकरेही होती. त्यानंतर लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती झाली. आमच्यातल्या दोघी-तिघी साडीवर ते नारिंगी जाकीट घालावयाला लाजत होत्या. त्यांना बाकीच्यांनी हसत-दटावत घालावयास लावले. बंद नीट आवळून बांधावेत, नुसते खांद्यावर टाकू नये.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा हा अटल सेतू सुरू झाला. बेटाच्या उत्तरेकडून तो जातो, टेकडीवरून स्वच्छ दिसतो. त्यावरून मोटारी सुसाट धावतात, पण तो घारापुरीत उतरत नाही.

हत्तीचे काय झाले ते सांगावयाचे राहिलेच. त्याचे तुकडे मुंबईत आणून ठेवले होते, ते १९१४ साली पुन्हा जोडले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानापाशी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उघड्यावर उभा आहे. मुंबईला कोणाकडे लग्नाकार्याला गेलात, तर भायखळा स्टेशनवरून चालत जाता येते. जवळ जाऊन पाहिले की अंगावरचे सांधे दिसतात.