हॉटेल मॅनेजमेंट : शिकवण्याची पद्धत कशावर ठरावी?

भोपाळ : ‘पोरगं वाचून शिकत नाही, त्याला हाताने काम द्या,’ असं म्हणत अनेक पालक मुलांना हॉटेल लाइनला पाठवतात. बैतूल, मुलताईकडची मराठी मुलंही भोपाळच्या आयएचएमचा विचार करतात. तीन वर्षांच्या पदवीत चार मुख्य विषय असतात : फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. जोडीला हॉटेलमधलं प्रशिक्षण.

शैलीची कल्पना

न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये ‘वार्क’ प्रश्नावली तयार केली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून, अशा शिकण्याच्या चार आवडी तिच्यात आहेत. त्यावरून ज्याची जशी शैली, त्याला तसं शिकवा, हा सल्ला रूढ झाला.

संशोधन काय सांगतं?

२००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. मुलांची आवड वेगवेगळी असते. पण त्या आवडीप्रमाणे शिकवल्याने निकाल सुधारतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

मग पद्धत कशावर ठरवायची?

जो धडा शिकायचा, त्यावर. ज्युलियन कट आधी पाहावा लागतो, मग हाताने करावा लागतो. चेक-इनचं बोलणं रोल प्लेमधून बसतं. पदार्थाची कॉस्टिंग मात्र कागदावर गणित मांडूनच येते. ‘मी प्रॅक्टिकलवाला’ म्हणून ती टाळली, तर किचन चालवणं जमत नाही.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं चक्र इथे कामी येतं : करा, विचार करा, कारण समजून घ्या, पुन्हा करा. व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या झाल्या, तर तो फेकून देऊन भागत नाही. त्या का झाल्या हे वहीत लिहायचं, दूध थोडं थोडं घालत सॉस पुन्हा करायचा.

मराठी, हिंदी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण बहुधा इंग्रजीची असते. तिला ‘शैली’ म्हणून चालत नाही. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतही इंग्रजीचा वेगळा विभाग असतो.

प्रवेशाआधी एवढं विचारा

- एका बॅचला किचनमध्ये किती वेळ मिळतो?
- प्रात्यक्षिकानंतर चुकांवर चर्चा होते का?
- इंग्रजी संभाषणाचा वेगळा तास आहे का?