मात्तेओ रिच्ची आणि मैत्रीद्वारे धर्मप्रसार

मैत्रीद्वारे धर्मप्रसार म्हणजे जाहीर प्रवचनांऐवजी वैयक्तिक स्नेह, सहवास आणि संवाद यांतून ख्रिस्ती श्रद्धेचा परिचय करून देण्याची पद्धती होय. इटालियन जेझुइट धर्मगुरू मात्तेओ रिच्ची (६ ऑक्टोबर १५५२ – ११ मे १६१०) यांचे मिंग राजवटीच्या काळातील चीनमधील कार्य हे या पद्धतीचे एक महत्त्वाचे ऐतिहासिक उदाहरण मानले जाते. रिच्ची यांनी चिनी भाषेत लिहिलेला पहिला स्वतंत्र ग्रंथही मैत्री याच विषयावर होता.

पार्श्वभूमी

रिच्ची यांचा जन्म इटलीतील माचेराता येथे झाला. इ.स. १५७८ मध्ये ते गोव्यात आले. तेथील वास्तव्यात त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि अध्यापनाचे कामही केले. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण नाकारण्याच्या धोरणाला त्यांनी १५८१ मध्ये वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रातून विरोध केला. १५८० मध्ये कोची येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली होती.

१५८२ मध्ये ते मकाव येथे पोहोचले आणि पुढील वर्षी मिकेले रुज्जेरी यांच्यासह झाओचिंग येथे राहू लागले. सुरुवातीला दोघेही बौद्ध भिक्षूंप्रमाणे वेष करीत. मात्र चिनी विद्वानवर्गात भिक्षूंना विशेष प्रतिष्ठा नव्हती. चू रूक्वेई या मित्राच्या सल्ल्यावरून रिच्ची यांनी १५९५ च्या सुमारास विद्वानांचा पोशाख स्वीकारला. चू हे प्रथम किमयाविद्या शिकण्याच्या इच्छेने रिच्ची यांच्याकडे आले होते आणि पुढे त्यांच्याकडे गणित शिकू लागले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १६०५ मध्ये, म्हणजे परिचयानंतर सुमारे पंधरा वर्षांनी.

मैत्रीविषयक ग्रंथ

१५९५ मध्ये नानचांग येथे असताना मिंग राजघराण्यातील एका राजपुत्राने पाश्चात्त्यांची मैत्रीविषयक मते जाणून घेण्याची इच्छा व्यक्त केली. तिला प्रतिसाद म्हणून रिच्ची यांनी ‘ज्याओयोउ लुन’ (मैत्रीविषयी) हा छोटा ग्रंथ लिहिला. नंतर विस्तारित झालेल्या रूपात त्यात १०० सुभाषितवजा वचने आहेत. सिसेरो, सेनेका, संत ऑगस्टीन आदी लेखकांच्या विचारांचा आधार त्यात घेतलेला आहे. मित्र म्हणजे आपलेच दुसरे रूप, संकटात मित्राची पारख होते, खुशामत करणारा खरा मित्र नव्हे, असे विचार त्यात येतात. ‘मित्र’ या अर्थाच्या दोन चिनी अक्षरांच्या प्राचीन रूपांत दोन हात आणि दोन पंख दिसतात, असेही रिच्ची यांनी नमूद केले आहे.

ग्रंथात ईश्वराचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी आहे, तर ख्रिस्तचरित्र नाही. कन्फ्यूशियन परंपरेत राजा–प्रजाजन, पिता–पुत्र, पती–पत्नी, थोरला–धाकटा भाऊ आणि मित्र–मित्र ही पाच मूलभूत नाती मानली जातात. त्यांपैकी मैत्रीचे नाते स्वेच्छेने जोडलेले आणि समानतेचे असते. त्यामुळे परकीय व्यक्तीलाही चिनी समाजात प्रवेश देऊ शकणारे नाते हेच होते. आपल्या इतर कोणत्याही कार्यापेक्षा या ग्रंथाने आपल्याला व युरोपला अधिक मान मिळवून दिला, असे रिच्ची यांनी पुढे एका पत्रात लिहिले.

मित्रपरिवार

लोक आपल्याकडे का येतात, याची कारणे रिच्ची यांनी १५९५ मधील पत्रव्यवहारात नोंदवली आहेत. परदेशी माणसाविषयीचे कुतूहल, त्यांना पाऱ्यापासून चांदी करता येते ही अफवा, स्मरणशक्तीचे तंत्र आणि गणित ही त्यांतील काही होत. धर्माविषयी विचारण्यासाठी येणारे सर्वांत थोडे होते.

१६०१ मध्ये रिच्ची बीजिंगला स्थायिक झाले. १६०३ मध्ये नानजिंग येथे दुसऱ्या जेझुइट धर्मगुरूंकडून बाप्तिस्मा घेतलेले शू ग्वांगची पुढे बीजिंगमध्ये त्यांचे निकटचे सहकारी झाले. दोघांनी युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा खंडांचे चिनी भाषांतर १६०७ मध्ये पूर्ण केले. ली झीझाओ यांनी रिच्ची यांचा जगाचा नकाशा १६०२ मध्ये छापून घेतला. उपपत्नी असल्यामुळे त्यांना बाप्तिस्मा मिळत नव्हता. १६१० मध्ये गंभीर आजारात रिच्ची यांनी त्यांची शुश्रूषा केली व त्याच काळात त्यांना बाप्तिस्मा दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच रिच्ची यांचे निधन झाले.

सर्वच मित्र ख्रिस्ती झाले नाहीत. विचारवंत ली झी यांनी मैत्रीविषयक ग्रंथाच्या प्रती काढून आपल्या शिष्यांना पाठवल्या आणि रिच्ची यांच्या सौजन्याची मनापासून प्रशंसा केली. मात्र हा मनुष्य येथे नेमका कशासाठी आला आहे, हे आपल्याला कळत नाही, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. कन्फ्यूशियसच्या शिकवणीची जागा आपल्या शिकवणीला देण्याचा त्याचा विचार असेल, तर तो मूर्खपणा ठरेल, असेही त्यांचे मत होते.

टीका व मर्यादा

ली झी यांच्या शंकेतच या पद्धतीसमोरील मूळ प्रश्न सामावलेला आहे. धर्मांतराचा हेतू मनात असलेली मैत्री निखळ असू शकते का, आणि तो हेतू मित्रापासून कितपत झाकलेला असावा, यांवर मतभेद आहेत. रिच्ची यांचा परिचय मुख्यतः सुशिक्षित पुरुषांशी होता. स्त्रिया व सामान्यजनांपर्यंत तो मार्ग सहज पोहोचत नव्हता. पूर्वजपूजा व कन्फ्यूशियसविषयक विधींबाबत रिच्ची यांनी स्वीकारलेली उदार भूमिकाही पुढे वादग्रस्त ठरली. १७१५ व १७४२ मध्ये पोपच्या आज्ञांनी हे विधी ख्रिस्ती लोकांना निषिद्ध करण्यात आले. १९३९ मध्ये ही बंदी बव्हंशी शिथिल झाली.

वारसा

चीनमध्ये मरण पावलेल्या परदेशी धर्मप्रसारकांना सामान्यतः मकाव येथे पुरले जाई. रिच्ची यांच्या बाबतीत त्यांच्या सहकाऱ्यांनी व चिनी मित्रांनी बादशहाकडे विनंती केली आणि बीजिंगमध्ये दफनभूमी मिळाली. त्यांची समाधी आजही तेथे आहे. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ हा दर्जा देण्यास मान्यता दिली.