खुर्ची कुठली घ्यावी?

तिकिटावर खुर्चीचा क्रमांक नाही. जो आधी रांगेत उभा राहील तो आधी जागा पकडेल, ही जुहूच्या पृथ्वी थिएटरची जुनी रीत. मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास पाहिला की या रीतीचे मोल कळते. ग्रँट रोडचे नाट्यगृह 1846 साली सुरू झाले. त्यामागे नाना शंकरशेट होते. 1853 मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तिथे प्रयोग केले, पारशी मंडळीही त्याच वर्षी तिथे उतरली. पण कोण कुठे बसणार हे खिशावर ठरे. बॉक्समध्ये शेठ-साहेब, पिटात बाकीचे.

याच पारशी कंपन्यांनी 1871 मध्ये 'सोने के मोल की खुर्शीद' हे मूळ गुजराती नाटक उर्दूत आणले. उर्दू नाटक म्हटले की आपले लोक लगेच लखनौकडे बघतात. व्यावसायिक उर्दू रंगभूमी मात्र मुंबईत वाढली, आणि हे आपण मराठी मुसलमानांनीच विसरावे याचे मला नवल वाटते.

पृथ्वी उघडले 5 नोव्हेंबर 1978 रोजी. शशी कपूर आणि जेनिफर यांनी ते उभारले, आराखडा वेद सेगन यांचा. पहिले नाटक गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत. त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. म्हणजे सुरुवात मराठी नाटककारानेच झाली. खुर्च्या जेमतेम दोनशे. रंगमंच पुढे आलेला, प्रेक्षक तीन बाजूंना आणि पायऱ्यांसारखे चढत गेलेले.

अशा ठिकाणी मी मधल्या भागातली तिसरी-चौथी रांग धरतो. पहिल्या रांगेत नट इतका जवळ येतो की एकाकडे बघताना दुसरा सुटतो. कडेला बसलात तर अधूनमधून नुसती पाठ दिसते. मधून सगळे चित्र दिसते आणि उच्चारही नीट ऐकू येतात. उर्दू नाटकात हे फार महत्त्वाचे. आमच्याकडे दखनीत 'क़'चा सरळ 'ख' होतो. तो 'क़' घशातून कसा निघतो, हे मी पुस्तकापेक्षा अशा खुर्चीत बसून जास्त शिकलो.

या नियमाला एक अपवाद आहे. मोटली संस्थेच्या 'इस्मत आपा के नाम'मध्ये इस्मत चुगताईंच्या तीन कथा तीन कलाकार एकेकट्याने सांगतात. कथा सांगणारा माणूस तिन्ही बाजूंना वळत राहतो, कुणालाच पाठीवर सोडत नाही. त्या प्रयोगाला कडेची शेवटची खुर्चीही चालेल. फक्त वेळेवर पोचा. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग दारात शेठ असो की साहेब.